नऊ होलच्या गोल्फ कोर्सवर आठ महिने

मेंबर नसलेल्या माणसाला गोल्फ कोर्सवर खेळू देतात, हे मला गेल्या जूनपर्यंत माहीतच नव्हतं. पुण्याबाहेरचा हा नऊ होलचा कोर्स ग्रीन फी (एका वेळेच्या खेळाची फी) भरणाऱ्या कुणालाही खुला आहे. कोथरूडहून पाऊण तास लागतो. आठ महिन्यांत पंचवीसेक रविवार खेळून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी खर्च. ग्रीन फी, कॅडी (पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती) आणि नंतरचा चहा-भजी धरून माझा रविवार दोन हजारांच्या आसपास जातो. सौ. म्हणते, "चालायचंच आहे तर तळजाईची टेकडी फुकट आहे की!" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

कॅडीवर मात्र पैसे वाचवू नका. माझ्या बरोबर असतात ते जवळच्याच वाडीतले, पन्नाशीचे. मी त्यांना मामा म्हणतो. पहिल्या दिवशी मी रुबाबात ड्रायव्हर (लांब फटक्याची सगळ्यात मोठी काठी) बाहेर काढला, तो त्यांनी न बोलता परत पिशवीत ठेवला आणि सात नंबरची आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याची काठी) हातात दिली. "साहेब, दोन महिने हिच्यावरच संसार करा." नियमाने पिशवीत 14 क्लब (म्हणजे काठ्या) चालतात. माझं आजही पाचांवर भागतं : सात नंबर, नऊ नंबर, दोन वेज (जवळच्या, उंच फटक्यांसाठी) आणि पटर (भोकाजवळ बॉल ढकलायला). सगळे सेकंडहँड. नवा सेट घ्यायची घाई करू नका, दुकानदार काहीही सांगो.

ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) तर मामांशिवाय मी आंधळाच. उतार मलाही दिसतो, पण गवत कुठल्या दिशेला झुकलंय हे ते बघतात. समोरचं गवत चकाकत असेल तर ते आपल्यापासून दूर झुकलेलं, बॉल पळतो. काळपट दिसलं तर ते आपल्याकडे वळलेलं, मग जोर जास्त. डिसेंबरात सकाळी दव असतं, तेव्हा बॉल आणखी हळू जातो. पण पुढे खेळून गेलेल्यांच्या बॉलची ओळ दवात उमटलेली असते. ती बघून खेळणं ही माझी एकमेव चलाखी.

पावसाळ्यात कोर्स देखणा आणि खिसा रिकामा. रफमधलं (कडेच्या न कापलेल्या भागातलं) गवत घोट्याच्या वर येतं. बॉल शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात (आधी पाच होती), नाही सापडला तर एका फटक्याचा दंड आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. जुलैच्या एका रविवारी मी सात बॉल घालवले. त्यामुळे डझनावारी मिळणारे जुने बॉलच न्या. बॉल स्वतःच पाडलेल्या खड्ड्यात चिखलात रुतला तर दंडाशिवाय उचलून ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो, हे मला दोन महिने कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला चिखल उडवत बसलो होतो. शिवाय टिटव्या! नेमका क्लब मागे नेला की ओरडतात.

तक्रार एकच, पण खरी. नोव्हेंबरात दोनदा बुकिंग असूनही पोचल्यावर कळलं की कुठल्याशा कंपनीची स्पर्धा आहे. फी पुढच्या वेळेला धरली, पण आधी एक फोन करायला काय जात होतं? आता मी शनिवारी संध्याकाळी स्वतःच फोन करून खात्री करतो.

पार, म्हणजे कोर्ससाठी अपेक्षित फटके, 36 आहे. पहिल्या दिवशी माझे 81 झाले होते, परवा 57. आता एखाद्या होलवर पारच्या दुप्पट फटके झाले की बॉल उचलून घेतो, मागे लोक खोळंबलेले असतात. परवा सातव्या होलवर, पार तीन, पहिला फटका थेट ग्रीनवर आणि पटरच्या दोन फटक्यांत आत. मामांनी शाबासकी वगैरे दिली नाही. कार्ड आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हा आकडा तुम्हीच लिहा."