जुने गेम शोधताना: कार्ट्रिजच्या मागे लागावं की डिस्कच्या?

सेकंड-हँड वस्तूंच्या दुकानात जुने गेम दोन वेगळ्या कोपऱ्यांत सापडतात. कार्ट्रिजं, म्हणजे आत गेमची चिप असलेले प्लास्टिकचे ठोकळे, काउंटरच्या काचेमागे किंवा स्टेपल मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. डिस्क सिनेमांच्या डीव्हीडींमध्ये आणि गाण्यांच्या सीडींमध्ये मिसळून गेलेल्या असतात. हाताशी वेळ आणि पैसे दोन्ही मोजके असतील, तर आधी कुठल्या कोपऱ्याकडे वळायचं, हे ठरवून गेलेलं बरं. दोन्हींची पारख वेगळी, भाव लावायची रीत वेगळी आणि फसण्याच्या जागाही वेगळ्या. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण डिस्कची बाजू लंगडी आहे असं अजिबात नाही.

किंबहुना स्वस्तात घबाड मिळण्याची शक्यता पाहिली तर डिस्क सरळ पुढे आहेत. प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या) गेमच्या डब्या सिनेमाच्या डीव्हीडीएवढ्याच उंच असल्यामुळे माल लावणारा माणूस त्या सिनेमांच्या फळीवर ठेवतो आणि बहुधा सिनेमाचाच भाव चिकटवतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या कितीतरी डब्या अशाच गाण्यांच्या सीडींत जाऊन बसतात. कार्ट्रिजचं तसं होत नाही. त्याचा आकारच 'मी गेम आहे' असं ओरडून सांगतो. मग ते थेट काचेमागे जातं आणि कुणीतरी फोनवर बघितलेला सगळ्यात मोठा आकडा त्यावर लागतो.

डिस्कची फळी चाळताना प्रत्येक डबी काढून बघत बसू नका. प्लेस्टेशन २ च्या डबीच्या फळीवर समोर दिसणाऱ्या अरुंद कडेवर कन्सोलचं चिन्ह वरच्या टोकाला असतं, त्यामुळे नजर फळीच्या वरच्या रेषेवरून फिरवली की पुरतं. दरवर्षी नव्यानं निघणारे फुटबॉल-बास्केटबॉलचे गेम सोडून द्या, फळीवरचा मोठा भाग त्यांचाच असतो. भूतखेताचे गेम, मोठ्या लांबीचे आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) आणि कन्सोलच्या उतारवयात आलेले गेम दिसले की थांबा. 'रूल ऑफ रोझ' हे ठरलेलं उदाहरण. प्लेस्टेशन २ आला २००० साली आणि हा गेम २००६ मध्ये, म्हणजे पुढचा कन्सोल दारात उभा असताना. अशा वेळी प्रती कमी निघतात, आणि पुढे मागणी वाढली की भाव तिथेच चढतो. खूप खपल्यामुळे पुन्हा छापलेल्या 'ग्रेटेस्ट हिट्स' किंवा 'प्लॅटिनम' आवृत्त्या खेळायला तशाच असतात, पण संग्राहक त्यांना सहसा कमी पैसे देतात.

भावाबद्दल एकच गोष्ट पक्की धरा: विक्रेत्यानं मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावून शेवटचे पाच-सहा व्यवहार बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा आणि उरलेल्यांचा मध्य धरा. जिथे किंमत खोडलेली दिसते, तिथे घासाघीस करून सौदा झालेला असतो. खरा आकडा त्याहून कमी असतो आणि तो आपल्याला दिसत नाही, म्हणून तो व्यवहार मोजूच नका. प्राइसचार्टिंगसारख्या गेमचे भाव देणाऱ्या संकेतस्थळांवर सुटा, पूर्ण आणि सीलबंद असे वेगळे आकडे मिळतात. दुकानातली सर्वात नेहमीची गफलत इथेच होते. हातात असतं नुसतं कार्ट्रिज, आणि स्टिकरवर पेटी-मॅन्युअलसकट पूर्ण संचाचा भाव. शांतपणे फोन पुढे करून सुट्याचा आकडा दाखवला तर काही जण कमी करतात, काही करत नाहीत. वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे कार्ट्रिजला एक फायदा मिळतो. त्या काळातल्या पुठ्ठ्याच्या पेट्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात फेकून दिल्या, त्यामुळे सुटं कार्ट्रिज हीच बाजारातली नेहमीची अवस्था आहे आणि ते सुटंच सहज विकलं जातं. प्लेस्टेशन २ चा गेम डबीसकट असणं लोक गृहीत धरतात. नुसती डिस्क, किंवा दुसऱ्याच गेमच्या डबीत कोंबलेली डिस्क, म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आता ज्या एका कटकटीमुळे माझा काटा झुकला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे टेप.

डिस्क चोरीला जाऊ नये म्हणून दुकानं डबीला चारही बाजूंनी पारदर्शक टेप लावतात. काही ठिकाणी डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करतात. दुकानदाराच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही नेमकं काय विकत घेता? एक छापील कव्हर. आत डिस्क आहे का, तीच आहे का, तीन डिस्कचा गेम असेल तर तिन्ही आहेत का, यातलं काहीही कळत नाही. 'फायनल फँटसी ७' च्या तीन डिस्क, ८ आणि ९ च्या चार-चार. एक जरी नसली तरी तो गेम शेवटापर्यंत खेळता येत नाही आणि विकतानाही तो अर्धवटच. डबी हलवून आवाज ऐकण्याची युक्ती आहे, पण खडखड आली तर एवढंच कळतं की डिस्क मधल्या खुंटीवरून निसटून आत घासत फिरते आहे, म्हणजे बातमी वाईटच. आवाज आला नाही तर डिस्क नीट बसलेली असेल किंवा डबी रिकामी असेल. बाहेरून दोन्ही सारखंच. शिवाय बऱ्याच दुकानांत अशा वस्तू परत घेत नाहीत.

समजा टेप निघाली, तरी तपासणी तिथे संपत नाही. सीडी साधारण १.२ मिलिमीटर जाड असते आणि तिचा डेटा तळाशी नसून वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. त्याच्यावर लाखेचा पातळ थर आणि छपाई, बस्स. म्हणून पहिल्या प्लेस्टेशनच्या, सेगाच्या सॅटर्न कन्सोलच्या आणि प्लेस्टेशन २ च्या निळसर तळाच्या सीडीवर लेबलच्या बाजूचा खोल ओरखडा तळाच्या दहा ओरखड्यांपेक्षा घातक असतो. तळ घासून गुळगुळीत करता येतो, लेबलच्या बाजूनं चमकदार थरच उडाला तर त्यावर उपाय नाही. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे तिला वरचे ओरखडे जास्त सोसतात. ब्ल्यू-रेमध्ये डेटा वाचण्याच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून ती घासायच्या भानगडीत पडूच नये.

लेबलच्या बाजूनं फोनची टॉर्च लावून खालून बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. मधल्या भोकाभोवती बारीक तडा असेल तर डिस्क घेऊ नका आणि चालवूनही बघू नका, वेगानं फिरताना ती आतच फुटू शकते. तळावरचे ओरखडे केंद्राकडून कडेकडे गेलेले असतील तर बहुतेक वेळा निभावतं. गोल फिरणारे, रेकॉर्डच्या रेघेसारखे ओरखडे मात्र सलग डेटा खातात. चालू कन्सोल कुणी हलवला की नेमकी अशीच गोल खाच पडते. सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलच्या डिस्कवर मुख्य गेम बाहेरच्या पट्ट्यात असतो, तेव्हा तिथे कडेकडे जास्त लक्ष द्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्कचा तळ काळा असतो, चंदेरी किंवा हिरवट दिसला तर ती घरी केलेली प्रत आहे. टूथपेस्टनं घासण्याचा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा.

एवढं सगळं बघायला मिळालं तर डिस्कमध्ये वाईट काहीच नाही. अडचण एवढीच की टेपमुळे ते बघायला मिळत नाही.

कार्ट्रिज काचेमागे असलं तरी मागितलं की हातात देतात, आणि त्याची बरीचशी तब्येत बाहेरूनच कळते. खालच्या फटीत टॉर्च मारा. पिना पिवळ्या किंवा करड्या-मळकट असतील तर हरकत नाही; ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या दोन-चार काड्या यात तो मळ निघतो. हिरवट पूड किंवा खड्डे दिसले तर गंज आत शिरलेला आहे. धातू चमकवायचं पॉलिश चुकूनही लावू नका, ते पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामाच खरवडून काढतं.

कार्ट्रिजचं खरं दुखणं नकली मालाचं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय अॅडव्हान्सचे पोकेमॉन गेम आणि एसएनईएस (सुपर निन्टेंडो) कन्सोलवरचा 'अर्थबाउंड' यांच्या नकला ढिगानं फिरतात. तरी त्या दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतात, हा मुद्दा माझ्या मते महत्त्वाचा. गेम बॉय अॅडव्हान्सच्या अस्सल कार्ट्रिजच्या फटीत पिनांच्या लगेच वर सर्किटवर 'निन्टेंडो' छापलेलं दिसतं. समोरच्या लेबलवर दोन अंकी आकडा, कधी त्याला जोडून एखादं अक्षर, शाईनं नव्हे तर दाबून उमटवलेलं असतं. लेबल तिरपं धरलं की दिसतं. स्क्रूही बोलतात. एसएनईएस आणि एन६४ (निन्टेंडो ६४) च्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा 'गेमबिट' नावाचा खास पेचकस लागतो, गेम बॉय अॅडव्हान्सला तीन पाकळ्यांचा. तिथे साधा चौफुलीचा स्क्रू दिसला तर माल नकली आहे किंवा कुणीतरी आत हात घातलेला आहे. दोन्ही बाबतींत भाव खाली आणायला निमित्त मिळतं. घरी उघडल्यावर चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा थेंब दिसला तर एसएनईएसच्या बाबतीत शंका ठेवायला नको.

दुसरी गोष्ट बॅटरीची. काही कार्ट्रिजमध्ये सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, आतल्या बॅटरीवर टिकून असते. दुकानात ती तपासता येत नाही, हे कबूल. पण कुठल्या गेममध्ये बॅटरी आहे हे आधी माहीत करून घेता येतं. 'सुपर मारियो वर्ल्ड'मध्ये आहे, एन६४ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये आहे, पण 'सुपर मारियो ६४'मध्ये नाही, तो ईईप्रॉम या बॅटरीशिवाय नोंद टिकवणाऱ्या चिपमध्ये सेव्ह करतो. एसएनईएस आणि एन६४ मध्ये बहुधा सीआर२०३२ ही नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५, आणि आतलं घड्याळ सतत चालू असल्यामुळे ती लवकर संपते. रुबी-सफायरमध्ये मात्र बॅटरी फक्त घड्याळापुरती असते. ती संपली तरी सेव्ह शाबूत राहतं. त्यामुळे 'बॅटरी संपली आहे' असा संदेश दिसला म्हणून गेम टाकून देऊ नका. बदलायची असेल तर पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी घ्या, धन-ऋण बाजू लिहून ठेवा आणि झाळून बसवा. चिकटपट्टीनं दाबून बसवलेली बॅटरी काही महिन्यांत सैल होते आणि सगळं सेव्ह घेऊन जाते. सेव्ह बॅटरीवर टिकणारं असेल तर जुनी काढताच ते जातंच, हे गृहीत धरा.

मग किती मोजावे? माझा अंदाज असा, आणि तो कुणाला जास्त सावध वाटेल: फट, लेबल आणि स्क्रू नीट बघितलेल्या कार्ट्रिजला सुट्याच्या विक्री-किमतीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत जायला हरकत नाही. सेव्हसाठी बॅटरीवर अवलंबून असलेल्यात नव्या बॅटरीचा आणि झाळण्याचा खर्च वजा करा. टेप लावलेल्या डबीला मात्र पूर्ण संचाच्या किमतीच्या एक-तृतीयांशाहून जास्त देऊ नका. तीन डब्यांत एक हमखास बिघडलेली निघते असं काही नाही, पण निघाली तर नुकसान पूर्ण तुमचं असतं. सिनेमाच्या भावात लागलेली डबी या हिशेबात बसतेच, ती बिनधास्त उचला.

खेळायचं म्हणून घेत असाल तर आणखी एक बाजू आहे. डिस्कच्या कन्सोलमध्ये मोटर आणि लेझर झिजतात, चांगली डिस्कसुद्धा थकलेल्या लेझरला वाचवत नाही, आणि सेव्हसाठी मेमरी कार्ड वेगळं शोधावं लागतं. कार्ट्रिजच्या कन्सोलमध्ये बटणं आणि स्विच सोडले तर हलणारं फारसं काही नसतं.

तरीही डिस्कचंच वेड असेल, आणि असायला माझी काही हरकत नाही, तर खिशात पारदर्शक टेपची छोटी गुंडाळी ठेवा. डबी काउंटरवर न्या, टॉर्च काढा आणि सांगा, "उघडून दाखवता का? बघून झालं की मीच पुन्हा चिकटवून देतो." परत चिकटवायचं काम अंगावर येणार नाही म्हटल्यावर बरेच जण तयार होतात. त्यानंतरही कुणी नाही म्हटलं, तर ती डबी जिथून काढली तिथेच, त्या दोन सिनेमांच्या मध्ये, परत ठेवून द्या.