फ्यूज सोर्समधून बांधून वापरताना: स्पेक्ट्रम एम्युलेटरचा काही महिन्यांचा अनुभव

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी लिनक्सवर फ्यूज हा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) हवा असेल तर डेबियन या लिनक्समध्ये तो तयार पॅकेज म्हणून मिळतो, आणि बहुतेकांचं त्यावर भागेल. मला तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, स्वतः कंपाइल करावा लागला, म्हणजे बांधावा लागला. पावसाळ्याच्या तोंडाला बांधलेली १.६.० आवृत्ती दिवाळी उलटून गेली तरी रोज चालते आहे. इतक्या वापरानंतर एक गोष्ट मनात पक्की बसली: यंत्रासमोर कोण बसणार आणि तिथे काय करणार, हे ठरल्याशिवाय कॉन्फिगर (बांधणीचे पर्याय ठरवणारी आज्ञा) चालवू नये. मेनूतल्या सेटिंग मागाहून बदलता येतात, कंपाइल करताना सोडलेली गोष्ट मेनूत दिसतच नाही.

आमच्या डिचोलीच्या घरी गरज दुहेरी होती. काकांनी ऐंशीच्या दशकात कुवेतहून ४८के स्पेक्ट्रम आणला होता. यंत्र कधीच गेलं, पण त्यांनी स्वतः बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या कॅसेट एका डब्यात राहिल्या. त्या वाचवायच्या होत्या. दुसरीकडे भाचीला बेसिक शिकायचं होतं, तिच्यासाठी एक जुना डेस्कटॉप मोकळा होता. त्यावरच्या हलक्या लिनक्सच्या पॅकेज-भांडारात फ्यूज नव्हता, म्हणून कंपाइल करणं आलं. तिथे करायचंच आहे तर माझ्या लॅपटॉपवरही तसंच केलं, म्हणजे दोन्हीकडे आवृत्ती एकच राहते.

सगळ्यात मोठा निर्णय चेहऱ्याचा. फ्यूजमध्ये एका वेळी एकच यूजर इंटरफेस, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारी बाजू, बांधला जातो, आणि तो कुठल्या लायब्ररीवर बांधायचा ते आपण निवडतो. काहीच सांगितलं नाही तर जीटीके, '--विदाउट-जीटीके' दिलं तर साधी एक्सलिब आवृत्ती, '--विथ-एसडीएल' दिलं तर एसडीएल. फ्रेमबफरसाठीही (खिडक्यांशिवाय थेट पडद्यावर) पर्याय आहे, त्याच्या वाटेला मी गेलो नाही. जीटीकेत वर नेहमीसारखे मेनू असतात आणि डीबगर (प्रोग्रॅम आतून तपासण्याचं साधन) उघडला की स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरचे रजिस्टर, डिसअसेंब्ली, ब्रेकपॉइंट सगळं एका खिडकीत दिसतं. लॅपटॉपसाठी हेच हवं. एसडीएलमध्ये एफ१ दाबल्यावर मेनू स्पेक्ट्रमच्याच पडद्यावर उमटतो, बाकी चौकट काही नाही. भाचीसाठी हे फार उत्तम ठरलं. पूर्ण पडद्यावर फक्त स्पेक्ट्रम, ब्राउझरकडे नजर जायला जागाच नाही. पी दाबला की आख्खा प्रिंट शब्द उमटतो याचं तिला पहिल्या दिवशी जे नवल वाटलं, ते अजून ओसरलेलं नाही. कंट्रोल म्हणजे सिम्बॉल शिफ्ट, शिफ्ट म्हणजे कॅप्स शिफ्ट, एवढं सांगितलं की मुलं पुढचं स्वतः शोधतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. महत्त्वाचे अर्धे पर्याय फ्यूजमध्ये नाहीतच, ते लिबस्पेक्ट्रममध्ये आहेत. फ्यूजच्या आधी ही लायब्ररी बांधावी लागते आणि टेप, स्नॅपशॉट, डिस्क यांच्या फाइल वाचण्याचं काम तीच करते. झेडलिब, बीझिप२, लिबजीक्रिप्ट, लिबऑडिओफाइल या मदतनीस लायब्ररींची चौकशी तिच्या कॉन्फिगरमध्ये होते. यातलं एखादं सापडलं नाही तर कॉन्फिगर थांबत नाही; 'नो' असं लिहून पुढे जातं आणि शेवटी सगळं सुरळीत कंपाइल होतं. नंतर टेपच्या आवाजाची डब्ल्यूएव्ही फाइल उघडायला गेलं की ती उघडत नाही, आणि माणूस फ्यूज पुन्हा पुन्हा बांधत बसतो. फ्यूज कितीदा बांधला तरी फरक पडणार नाही. आवाजाच्या फाइल वाचणाऱ्या लिबऑडिओफाइलचं डेव्हलपमेंट पॅकेज घालून लिबस्पेक्ट्रम नव्याने बांधायचं. म्हणून मेक (प्रत्यक्ष कंपाइल करणारी आज्ञा) चालवण्याआधी कॉन्फिगरच्या ओळी सावकाश वाचाव्यात. पाच मिनिटं जातात, पुढची संध्याकाळ वाचते.

लिबजीक्रिप्ट मात्र मी मुद्दाम वगळलं. आरझेडएक्स नोंदींवर (खेळताना दाबलेल्या कळांची नोंद) डिजिटल सही करण्यासाठी ते लागतं, म्हणजे खेळांच्या स्पर्धेत आपली नोंद खरी आहे हे दाखवायला. आमच्याकडे स्पर्धा नाही. लिबएक्सएमएल२ नसेल तर सेटिंगची फाइल एक्सएमएलऐवजी साध्या आयएनआय धाटणीची होते, तेही चालतं. लिबपीएनजी ठेवावं, कारण भाचीला आपल्या चित्रांचे स्क्रीनशॉट आजीला पाठवायचे असतात.

लिबस्पेक्ट्रम बसवल्यावर फ्यूज सुरू करताना 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' असा संदेश आला तर घाबरू नये. फाइल '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये असते, सिस्टिमला तिचा पत्ता नसतो. रूट (प्रशासक) म्हणून एलडीकॉन्फिग चालवलं की झालं. वेगळा प्रीफिक्स (बसवण्याची जागा) दिला असेल तर पीकेजी-कॉन्फिगचा मार्गही सांगावा लागतो, नाहीतर फ्यूजचं कॉन्फिगरच पुढे सरकत नाही.

कॅसेटचं काम पावसाळाभर चाललं. आमच्या हवेत टेपवर बुरशी धरते. डब्यातल्या काही कॅसेटची पट्टी पांढरट पडलेली होती, त्या हाताने हळू पुसाव्या लागल्या. टेपरेकॉर्डर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतला. स्पेक्ट्रमच्या टेपवरचा आवाज फार उंच नसतो: ३.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर मोजला तर शून्याचा बिट सुमारे २००० हर्ट्झचा, एकाचा सुमारे १००० हर्ट्झचा, आणि हेडरच्या आधी सुमारे ५ सेकंद ८०० हर्ट्झचा सूर. त्यामुळे महागडं साउंड कार्ड लागत नाही, ४४,१०० हर्ट्झवर मोनो डब्ल्यूएव्ही पुरते. खरा फरक हेडच्या बाजूचा लहान स्क्रू फिरवल्याने पडतो. हेड पट्टीला काटकोनात आलं की आवाज एकदम स्वच्छ होतो. काका शेजारी बसून कानाने सांगायचे, "आता बरोबर, आता सुटलं." चाळीस वर्षांनंतरही त्यांचा कान तयार आहे.

डब्ल्यूएव्ही थेट फ्यूजमध्ये चालवता येते, पण मी फ्यूजच्या सोबतच्या फ्यूज-यूटिल्समधलं ऑडिओ२टेप वापरून टीझेडएक्स फाइल, म्हणजे टेपच्या डिजिटल प्रती, करून ठेवल्या. तिथेही लिबऑडिओफाइल लागतंच, म्हणजे ही एक लायब्ररी सगळीकडे किल्ली आहे. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पॅरिटीचा, म्हणजे तपासणीचा, बाइट असतो, तो जुळला नाही की 'टेप लोडिंग एरर'. एक प्रोग्रॅम असा राहून गेला आहे, त्यात काकांनी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं, चित्र काढलं होतं. पडद्याचे ६,९१२ बाइट, त्यातला मधला भाग येत नाही. तो मी सोडलेला नाही, पट्टी कोरड्या हवेत पुन्हा वाजवून बघणार आहे.

वेगाबद्दल थोडक्यात: जुन्या डेस्कटॉपवरही एसडीएल आवृत्ती १०० टक्के वेगाने चालते. चित्र मोठं करणारे एचक्यू२एक्ससारखे जड फिल्टर लावले तर पंखा ओरडतो, साधं २एक्स पुरे. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि स्पेक्ट्रम ५० हर्ट्झचा असल्याने सरकणारी अक्षरं किंचित अडखळतात. कुठलाही कंपाइल पर्याय त्यावर उपाय नाही.

रॉमची, म्हणजे स्पेक्ट्रमच्या अंगभूत प्रोग्रॅमची, चिंता करावी लागत नाही. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेला आणि त्यांनी एम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली आहे. फ्यूजच्या सोर्समध्ये ते असतात. डेबियनमध्ये त्यांचं वेगळं पॅकेज आहे, 'नॉन-फ्री' विभागात.

जून-जुलैत आमच्याकडे वीज केव्हाही जाते. मेक चालू असताना गेली तरी झालेलं काम वाया जात नाही; वीज आली की पुन्हा मेक म्हणायचं, उरलेल्या फाइलपासून ते पुढे चालतं. अर्धवट लिहिली गेलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल लिंकिंगला त्रास देऊ शकते, तेवढी पुसावी.

आणि बांधलेली फोल्डर पुसून टाकू नयेत. आपण कुठले पर्याय दिले होते ते काही महिन्यांनी आठवत नाही, पण त्या फोल्डरमधल्या कॉन्फिग.लॉग फाइलच्या सुरुवातीलाच ती आख्खी आज्ञा लिहिलेली असते. तिथून उचलून नवीन आवृत्तीला जशीच्या तशी द्यायची. लिबस्पेक्ट्रमची आधी, फ्यूजची नंतर.