सदाशिव पेठेतला विमा एजंटांचा रविवारचा क्लास, सहा रविवार जाऊन आले त्याचा अनुभव

मी धायरीत राहते, 2012 पासून विम्याचं काम करते, आधी फक्त लाईफ होतं नंतर हेल्थ पण घेतलं. एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं म्हणून नागनाथ पाराजवळ एजंट लोकांसाठी रविवारी क्लास चालतो तिथे नाव घातलं. सहा रविवार, सकाळी 9 ते 1, फी 4,500 रुपये, मधला चहा त्यातच. शिकवणारे सर क्लेम डिपार्टमेंटमधून रिटायर झालेत. नाव नंबर नेटवर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय कारण एका बॅचला पंचवीसच लोक घेतात, त्यामुळे ते लिहीत नाही, पेठेत कुठल्याही जुन्या एजंटला विचारा लगेच कळेल.

मी का गेले ते आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. सिंहगड रोडला एक किराणा दुकानवाले काका आहेत, त्यांची हेल्थ पॉलिसी मी 2021 ला काढली. फॉर्म दुकानातच बसून मोबाईलवर भरला, गिऱ्हाईक येत जात होतं, मी विचारलं काका काही आजार वगैरे, ते म्हणाले काही नाही गं, आणि मी सगळीकडे नाही नाही नाही टिक करत गेले. गल्ल्याशेजारी बीपीच्या गोळ्यांची पट्टी पडलेली मला दिसली होती. दिसली होती तरी मी विचारलं नाही, मला वाटलं बीपी काय आता घरोघरी असतो. 2023 मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांनी लिहिलं की पेशंटला 6 वर्षांपासून बीपी आहे, आणि माहिती लपवली म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. 3 लाखांच्या वर बिल होतं, काकूंनी पाटल्या गहाण ठेवल्या. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आता आमचं ट्रेनिंग कसं असतं ते बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. मी लायसन घेतलं तेव्हा 50 तासांचं ट्रेनिंग होतं आणि मग एजंटची परीक्षा. तीन वर्षांनी लायसन रिन्यू करायचं तेव्हा आणखी 25 तास लागायचे, ते मी 2015 ला केले, केले म्हणजे हजेरीवर सह्या केल्या आणि वडापाव खाऊन घरी आले. त्यानंतर लायसनची ती पद्धतच गेली, कंपनीच एजंटची नेमणूक करते आणि ट्रेनिंगही तिनेच द्यायचं. मग काय, ॲपवर व्हिडिओ येतात, शेवटी पाच प्रश्न, चुकलं तर परत टिक करा, सर्टिफिकेट डाऊनलोड. आणि मीटिंगला बोलावलं तर टार्गेट, कॉन्टेस्ट, क्लब मेंबरशिप, बँकॉक ट्रिप यावरच सगळं बोलणं. तेरा वर्षांत मला एकदाही कुणी नाकारलेल्या क्लेमची फाईल दाखवली नव्हती.

इथे पहिल्या रविवारी पहिल्या दहा मिनिटांत तेच समोर आलं. सरांनी नावं काळी केलेल्या फायलींच्या झेरॉक्स वाटल्या, चार चार जणांत एक, त्यात प्रपोजल फॉर्म म्हणजे पॉलिसी काढताना भरलेला फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, कंपनीचं पत्र. आणि एवढंच म्हणाले की हा क्लेम कधी नाकारला गेला ते सांगा. सगळ्यांनी पत्रावरची तारीख सांगितली. सर म्हणाले नाही, फॉर्मवरची तारीख बघा, क्लेम त्याच दिवशी गेला. मी ती तारीख बघत बसले आणि मला काकांचं दुकान दिसायला लागलं, पोटात गोळा आला अक्षरशः.

नंतर ब्रेकमध्ये मी सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं लोकपालाकडे गेला होतात का. मला विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे, हा शब्द माहीत होता, परीक्षेला होता ना, पण त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रोडला जीवन दर्शन बिल्डिंगमध्ये, क्लासपासून चालत जाण्याइतकं जवळ, हे तेरा वर्षं या धंद्यात असून मला माहीत नव्हतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर इथे अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. पण कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आमचं वर्ष उलटून गेलेलं. सर म्हणाले बीपीची केस होती, निकाल काय लागला असता सांगता येत नाही, पण दार तरी ठोठावता आलं असतं. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तिसरा रविवार मला सगळ्यात भारी वाटला. विषय रूम रेंट. हे मी लोकांना कसं सांगायचे तर काका रूम 5,000 पर्यंतची घ्या, वरचे पैसे तुम्हाला भरावे लागतील, बस. सरांनी फळ्यावर एक बिल मांडलं. सम इन्शुअर्ड म्हणजे विम्याची रक्कम 5 लाख, रूमला 1 टक्का म्हणजे दिवसाला 5,000. पेशंटने 8,000 ची रूम घेतली, चार दिवस. रूमचे 32,000, सर्जन, ओटी, नर्सिंग वगैरे 1,28,000, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट मिळून 80,000, एकूण 2,40,000. किती कापतील? आम्ही सगळे म्हणालो 12,000, रोजचे 3,000 जास्त गुणिले चार. सरांनी काही न बोलता फळ्यावर 5 भागिले 8 लिहिलं. रूमचेच नाही तर सर्जन आणि ओटीचे पैसे सुद्धा त्याच प्रमाणात कापले जातात, म्हणजे 1,28,000 चे 80,000 च मिळतात, औषधं इम्प्लांट तपासण्या तेवढ्या या कापणीतून वाचतात. मिळाले 1,80,000, पेशंटच्या खिशातून 60,000. बारा हजार नाही, साठ हजार. वर्गात एकदम शांतता. माझ्या शेजारी वीस वर्षं काम करणारे एक काका होते, ते वहीत तेच गणित परत परत करून बघत होते. ज्या पॉलिसीत रूमची लिमिट आहे ती ज्यांना मी विकली अशा प्रत्येकाला मी अर्धवट सांगितलंय हे मला त्या दिवशी कळलं.

बाकीच्या रविवारांचं थोडक्यात. नॉमिनेशन आणि वारसाहक्क हे चांगलं झालं, विशेषतः विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा, त्याखाली नवऱ्याने टर्म पॉलिसी घेतली तर ते पैसे बायको मुलांचेच, नवऱ्याला कर्ज देणारे हात लावू शकत नाहीत, पण पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं, नंतर होत नाही. धंदेवाल्या गिऱ्हाइकाला हे सांगायलाच हवं. विमा कायद्याच्या कलम 41 वर अर्धा तास, पहिल्या हप्त्यात किती सोडता असं विचारणारे सगळ्यांनाच भेटतात, तर कमिशनमधून सूट देणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो हे सरांनी कायद्यातून वाचून दाखवलं. सरेंडरचे म्हणजे लाईफ पॉलिसी मध्येच बंद करण्याचे 1 ऑक्टोबर 2024 पासूनचे नियम पण झाले, आता एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष झालं असेल तरी काहीतरी परत मिळतं, गिऱ्हाइकं अजून बुडालेच म्हणून सोडून देतात. टॅक्सचा रविवार रटाळ होता, तो सीएला विचारलेला बरा.

आता जे पटलं नाही ते. झेरॉक्स नोट्स जुन्या आहेत आणि ही चूक लहान नाही. त्यात अजून आधीच्या आजाराला 4 वर्षं वेटिंग (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आणि 8 वर्षांचा मोरॅटोरियम (तेवढी वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सोडून माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही) लिहिलाय, खरं तर 2024 पासून वेटिंग जास्तीत जास्त 3 वर्षं आणि मोरॅटोरियम 5 वर्षं झालाय. जीएसटी पण 18 टक्केच छापलाय, वैयक्तिक लाईफ आणि हेल्थवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे. सर तोंडी दुरुस्त्या सांगतात, आम्ही पेनने केल्या, पण जो रविवार चुकवेल तो जुनेच आकडे घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणार. जो क्लास फॉर्ममधल्या एका टिकवर एवढं बोलतो त्याने स्वतःचे कागद नवे करावेत असं मी सरांना बोलून दाखवलं, ते हो म्हणाले, बघू. दुसरं म्हणजे पाचव्या रविवारी बाहेरचे कोणीतरी मोटिव्हेशनल स्पीकर आणले, दोन तास टाळ्या वाजवा, उभे राहा, शेजाऱ्याला सांगा मी विजेता आहे. ते आम्हाला कंपनीत फुकट मिळतं, त्यासाठी धायरीहून यायची गरज नाही. त्या वेळात कॅशलेसचा एक क्लेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवला असता तर बरं झालं असतं, एका तासात मंजुरीचा निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत फायनल हे नियम आलेत पण हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघतात त्या खिडकीवर, उभं राहून नक्की काय बोलायचं हे शिकायचं राहूनच गेलं.

पार्किंग अजिबात नाही, गाडी आणू नका, मंडई मेट्रोवरून चालत या किंवा पीएमपीने. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वयस्कर लोकांनी लक्षात ठेवा.

काही जण विचारतील की यापेक्षा इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा का देऊ नये. द्या की, मी त्यांच्या पहिल्या पातळीचे, लायसेन्शिएटचे, दोन पेपर दिलेत, तत्त्वं पक्की होतात आणि नावापुढे काहीतरी लागतं, पण ते पुस्तकातून आहे. बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी पुण्यातच आहे पण तिथे मुख्यतः कंपन्यांचे अधिकारी जातात, माझ्यासारखीला रविवारी मराठीतून फाईल उघडून समजावणारं हेच एक ठिकाण मला सापडलं. जो नवीन आहे, एजंटची परीक्षा (आयसी 38) पास होऊन वर्ष पण झालं नाही, त्याने पहिल्यांदा इथे यावं, पाचपैकी चार देते, नोट्स बदलल्या की पाच.

क्लास संपल्यावर मी वही काढून यादी केली, ज्यांच्या हेल्थ पॉलिसीला अजून पाच वर्षं झालेली नाहीत असे 43 जण. रोज दोघा तिघांना फोन करते, फॉर्म परत वाचून दाखवते, राहिलेला आजार असेल तर कंपनीला लेखी कळवायला लावते. दोघांना त्याचा राग आला, एकाचा हप्ता वाढला, तरी करते.

काकांच्या दुकानात पण गेले. काकूंची पॉलिसी काढायची होती, त्यांना थायरॉइड आहे. काकू गल्ल्यावर बसल्या होत्या, मी म्हटलं काकू तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून काढायची असेल तरी चालेल. त्या म्हणाल्या, तूच लिही, पण या वेळी सगळं लिही. आणि आत जाऊन गोळ्यांचा डबा, डॉक्टरांच्या 2017 पासूनच्या चिठ्ठ्या, सगळं आणून काउंटरवर ठेवलं. दीड तास लागला. पॉलिसी आली तेव्हा थायरॉइडची नोंद आणि वेटिंगचे महिने मी त्यांना बोट ठेवून दाखवले.