नीतिसूत्रे, ईयोब की उपदेशक: आधी काय वाचावं?

बायबलच्या जुन्या करारातलं ज्ञानसाहित्य, म्हणजे नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही पुस्तकं, वाचायला घ्यायचं ठरलं की बहुतेक ख्रिस्ती विश्वासी नीतिसूत्रांपासून सुरुवात करतात. अध्याय ३१, महिन्याच्या तारखाही ३१, रोजचा हिशेब सोपा. सवय चांगलीच आहे. तरी मी सगळ्यांना ती सुचवणार नाही, कारण तुम्ही आज कुठल्या अवस्थेत आहात यावर बरंच अवलंबून असतं.

नीतिसूत्रांत पहिले नऊ अध्याय बाप मुलाला जवळ बसवून बोलतो आहे, आणि दहाव्यापासून सुटी वचनं सुरू होतात. जीभ, पैसा, आळस, शेजारी, राग असे रोजचेच विषय. संसार नवा असेल, नोकरी नवी असेल, विश्वासात नुकतेच आला असाल, तर हेच पुस्तक घ्या. फक्त २६व्या अध्यायाची ४ आणि ५ ही वचनं आधी वाचा. एक म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पुढचं म्हणतं, दे. संकलन करणाऱ्याच्या हातून ही चूक राहून गेलेली नाही. दोन्ही खरी आहेत, आणि आज समोरच्या माणसाला कोणतं लागू पडतं हे ओळखणं म्हणजेच शहाणपण. नीतिसूत्र सांगतं की जगात सहसा असं घडतं. ते देवाने प्रत्येकाला सही करून दिलेलं वचनपत्र नव्हे.

हे मला उशिरा कळलं. एका आईचा मुलगा मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दुरावला होता. मी तिला नीतिसूत्रे २२:६ (अध्याय २२, वचन ६) वाचून दाखवलं: मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही. मला धीर द्यायचा होता. तिने बायबल मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि विचारलं, "म्हणजे मीच कमी पडले ना?" वचन खरं होतं, पण मी ते तिच्यावर आरोपासारखं ठेवलं होतं.

ईयोब हा नीतिमान माणूस; मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावून बसलेला. त्याचे मित्र नेमकं हेच करतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. मग ते तोंड उघडतात आणि नीतिसूत्रांतलं शहाणपण कायद्यासारखं लावू लागतात: पापी माणसाला दुःख भोगावं लागतं, तू दुःख भोगतोस, म्हणजे तू पाप केलंस. गंमत नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट अशी की प्रेषित पौल नव्या करारात, १ करिंथ ३:१९ मध्ये, जे शास्त्रवचन देतो, ते ईयोब ५:१३ मधलं, अलीफजाच्याच तोंडचं आहे. वाक्य खरं होतं. तरीही ४२:७ मध्ये देव त्या तिघांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाशी भांडणारा माणूस यथार्थ बोलला, आणि देवाची बाजू मांडणारे चुकले!

म्हणून ईयोबातलं सुटं वचन काढून भिंतीवर लावू नका; आधी बोलतंय कोण ते पाहा. ४२ अध्याय जड वाटत असतील तर १ ते १४, मग १९, मग ३८ ते ४२ असं वाचा. अलीहू या मागाहून बोलणाऱ्या तरुणाची भाषणं नंतरसाठी ठेवली तरी चालेल. ९:३३ मध्ये मात्र जरूर थांबा. देव आणि आपण, दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थ नाही, असं ईयोब तिथे म्हणतो. देव आणि माणसं यांच्यात ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ आहे, हे १ तीमथ्य २:५ ज्याला पाठ आहे, त्याला हे वाक्य वाचून पुढे सरकवत नाही. पण लगेच ख्रिस्तावर उडी मारून ईयोबाचं रडणं अर्ध्यावर तोडू नका. पुस्तक त्याला बोलू देतं, तेवढं आपणही द्यावं. आणि पहिल्या दोन अध्यायांत सैतान स्वर्गात देवापुढे ईयोबाच्या निष्ठेवर शंका घेतो आणि त्याची परीक्षा सुरू होते, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

उपदेशक घ्यावा तो सगळं मिळूनही आतून रितं वाटणाऱ्याने. ज्याला आपण 'व्यर्थ' म्हणतो तो मूळ हिब्रू शब्द 'हेबेल', पुस्तकात ३८ वेळा आलेला. त्याचा साधा अर्थ श्वास किंवा वाफ. दिसते, हाती लागत नाही, विरून जाते. काइनाने ज्याला ठार मारलं त्या त्याच्या भावाचं, हाबेलाचं, नाव हिब्रूत हेच. नीतिमान माणूस, आणि आयुष्य एका श्वासाएवढं! 'व्यर्थ' शब्दाने हे पुस्तक कडू लागतं, 'वाफ' म्हणून वाचलं की त्यातली हळहळ ऐकू येते, आणि मधूनमधून येणारं 'आपली भाकर आनंदाने खा' हेही मग मनापासूनचं वाटतं. बारा अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचा.

नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र आज नीतिसूत्रे नको, उपदेशकही नको. ईयोबाचा तिसरा अध्याय उघडा. त्या आईबरोबर पुढे मी तोच वाचला, आणि वाचून झाल्यावर काही बोललो नाही.