वाईट रिव्ह्यूवर मालक उलटला तर? रिव्ह्यू साइट्सचाच एक रिव्ह्यू

एक स्टार देऊन झाला, चार ओळी लिहून झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला: ‘रिव्ह्यू काढा, नाहीतर बघून घेतो.’ अशा वेळी ज्या साइटवर लिहिलं ती ग्राहकासाठी काय करते, एवढ्या एकाच निकषावर हा आढावा आहे. साइट दिसते कशी आणि तिथं शोधणं किती सोपं, हे इथं मोजलेलं नाही.

डूख धरणाऱ्या मालकाचे डाव फार नसतात. रिव्ह्यूखाली ग्राहकालाच खोटं पाडणारं उत्तर लिहायचं, साइटकडे ‘हा माणूस आमचा ग्राहकच नाही’ अशी तक्रार करायची, परताव्याचं गाजर दाखवायचं, वकिलाची नोटीस पाठवायची, आणि काहीच चाललं नाही तर ग्राहकाचं नाव-पत्ता चव्हाट्यावर आणायचा किंवा त्याच्या स्वतःच्या व्यवसायावर मित्रमंडळींकडून एकेक स्टारचा मारा करायचा. कुठला डाव कुठं चालतो, हे त्या त्या साइटच्या रचनेवर ठरतं.

या दुखण्यावर सगळ्यात जालीम उपाय ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने केला. पूर्वी तिथं विकणारा आणि घेणारा एकमेकांना शेरे देत. विकणारे मुद्दाम थांबून राहत. घेणाऱ्याने वाईट शेरा दिला की लगेच तसाच शेरा परत. परिणामी फसलेले लोकही गप्प बसत. मे २००८ मध्ये ईबेने विकणाऱ्यांचा वाईट आणि मध्यम शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. विक्रेत्यांनी भरपूर आरडाओरडा केला, पण नियम राहिला. या एका प्रश्नापुरते ईबेला पैकीच्या पैकी.

लोकांची घरं आणि खोल्या मुक्कामाला मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने वेगळी युक्ती केली. मुक्काम संपल्यापासून दोघांनाही १४ दिवस मिळतात. दोघांचे रिव्ह्यू येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणालाच दुसऱ्याचं लिखाण दिसत नाही. हे २०१४ पासून चालू आहे. कल्पना चांगली, पण तिला एक भोक आहे. यजमानाला नुकसानभरपाई मागायलाही मुक्कामानंतर १४ दिवसच असतात. त्याने स्वतःचा रिव्ह्यू आधीच देऊन टाकला असेल, तर तुमचा वाईट रिव्ह्यू टाकल्याबरोबर उघड होतो आणि त्याच्या हातात दावा ठोकायला वेळ उरतो: ‘गादीवर डाग, टेबलाला ओरखडा.’ म्हणून खोली सोडताना सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ घ्यावा, बाथरूम आणि भिंतींसकट. रिव्ह्यू बाराव्या-तेराव्या दिवशी द्यावा. अगदी शेवटच्या तासापर्यंत ताणू नये, मुदत हुकली की सगळंच गेलं.

आता गूगल मॅप्स. पसारा सगळ्यात मोठा, म्हणून भांडणंही इथंच जास्त. पहिला नियम पक्का लक्षात ठेवावा: घडलेल्या गोष्टीबद्दल दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं असेल, तर कोण खरं बोलतंय याचा निवाडा गूगल करत नाही. हे दुधारी आहे. ‘ग्राहक खोटं बोलतोय’ एवढ्यावर मालकाला रिव्ह्यू काढून घेता येत नाही, तसंच मालकाचं खोटं उत्तर ‘ते खोटं आहे’ म्हणून तुम्हालाही हटवून मिळत नाही. मग मालक काय करतो? नियमभंगाची दुसरी खूण शोधतो: शिवीगाळ, विषयांतर, स्पॅम, वैयक्तिक माहिती, हितसंबंध (म्हणजे लिहिणारा प्रतिस्पर्धी किंवा जुना नोकर असणं). म्हणून रिव्ह्यू लिहितानाच या खुणा टाळाव्यात. कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव नको, फोन नंबर नको, राजकारण नको. एकाच कंपनीच्या तीन शाखांवर तोच मजकूर चिकटवणं तर नकोच. तो स्पॅम ठरतो आणि तिन्ही जातात.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना कळतच नाही. रिव्ह्यू हटवला किंवा गाळला गेला तरी लॉग-इन केलेल्या तुम्हाला तो जागेवरच दिसू शकतो. तपासायचं असेल तर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडून, लॉग-इन न करता, ‘सर्वात नवीन’ या क्रमाने यादी लावून पाहावं.

तिसरा धोका ईमेलमधला. मालकासाठी साध्या तक्रारीखेरीज बदनामीची कायदेशीर तक्रार करण्याचा वेगळा फॉर्म असतो, आणि तिथं देशाचा कायदा लागू होतो. जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की ‘असा कुणी पाहुणा आमच्याकडे आलाच नव्हता’ एवढं हॉटेलने म्हटलं तरी साइटला तपास करावा लागेल. तपास म्हणजे रिव्ह्यू लिहिणाऱ्याकडे पुरावा मागणं. तो ईमेल खात्याच्या पत्त्यावर येतो, स्पॅममध्ये पडून राहतो, उत्तर जात नाही आणि रिव्ह्यू जातो. वाईट रिव्ह्यू टाकल्यावर काही आठवडे त्या खात्याचा स्पॅम फोल्डर उघडून बघायची सवय ठेवावी. पावती किंवा बुकिंगचा ईमेल जोडून उत्तर द्यावं. कार्डाचे आकडे आणि घरचा पत्ता आधी झाकावा, कारण पुरावा समोरच्या पक्षाकडे जाणारच नाही असं धरून चालू नये.

शिवाय तुमच्या नावावर टिचकी मारली की तुमचे बाकीचे रिव्ह्यूही उघडतात: जिम, मुलांचा दवाखाना, घराजवळची लाँड्री. चिडलेल्या माणसाला माग काढायला एवढं पुरतं. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये हे लपवता येतं. ते रिव्ह्यू टाकण्याआधी करावं. एकंदरीत गूगल मॅप्सला पाचात अडीच. वाचक सर्वाधिक, पण पाठराखण बेताची.

येल्प या दुकानं-हॉटेलांच्या अमेरिकी रिव्ह्यू साइटची एक गोष्ट मनापासून आवडण्यासारखी आहे. ग्राहकांना संशयास्पद कायदेशीर धमक्या देणाऱ्या व्यवसायाच्या पानावर येल्प जाहीर इशारा लावू शकते. तिथं येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मालकाचा पराक्रम आधी दिसतो. यासाठी नोटिशीची किंवा धमकीच्या मेसेजची प्रत येल्पकडे पाठवावी लागते, त्यांना आपोआप कळत नाही. उलट बाजू अशी, की नव्या खात्यावरून आलेला एकुलता एक रिव्ह्यू येल्पचं सॉफ्टवेअर ‘शिफारस नसलेल्या’ यादीत ढकलू शकतं. लोकांना वाटतं मालकाने पैसे चारले. बहुतेकदा कारण एवढंच, की खात्याचा इतिहास कोरा असतो. पाचात साडेतीन.

ट्रस्टपायलट या कंपन्यांच्या रिव्ह्यूंच्या साइटवर कंपनीला रिव्ह्यू स्वतः पुसता येत नाही, पण ‘हा खरा अनुभव नाही’ अशी खूण करता येते. मग तुमच्याकडे कागद मागितले जातात आणि मुदतीत दिले नाहीत तर रिव्ह्यू जातो. ऑर्डर नंबर, पावती आणि चॅटची प्रत हाताशी ठेवली तर इथं ग्राहक बहुधा टिकतो. हॉटेलं आणि प्रवासाचे रिव्ह्यू असणाऱ्या ट्रिपॲडव्हायझरवर एकदा प्रसिद्ध झालेला रिव्ह्यू दुरुस्त करता येत नाही, काढून नव्याने द्यावा लागतो. म्हणजे मालकाच्या दबावाखाली ‘थोडं सौम्य करतो’ म्हणणाऱ्याचा मूळ रिव्ह्यू जातो. ॲमेझॉनवर विक्रेत्याने वाईट रिव्ह्यू बदला किंवा काढा असं सांगणंच नियमबाह्य आहे. परतावा किंवा गिफ्ट कार्ड देऊ करून तसं सांगितलं असेल तर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट हाच तक्रारीचा दाखला.

साइट कुठलीही असो, निम्मी लढाई वाक्यरचनेत जिंकली जाते. ‘मेकॅनिकने जुना पार्ट नवा म्हणून लावला’ हा आरोप आहे आणि तो सिद्ध करायची पाळी येऊ शकते. ‘बदललेला जुना पार्ट मागितला, तो दिला नाही, बिलावर पार्ट नंबर नाही, तोच आवाज चौथ्या दिवशी परत सुरू झाला’ यातलं प्रत्येक वाक्य बिल आणि मेसेज दाखवून उभं करता येतं. वाचणारा काय समजायचं ते समजतो. ‘चोर’, ‘फ्रॉड’, ‘लुटारू’ हे शब्द मन मोकळं करतात आणि वकिलाला काम मिळवून देतात. आपलं मत द्यायचं असेल तर मत म्हणून द्यावं: ‘मला हे पटलं नाही, मी पुन्हा जाणार नाही.’ ऐकीव गोष्ट, ‘शेजाऱ्यालाही असंच केलं म्हणे’, पूर्ण वगळावी.

आणि एक उलटं पथ्य. ‘पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देतो’ असं कधीही लिहून पाठवू नये. या एका मेसेजने सगळा डाव फिरतो. रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे मागणाऱ्यांची तक्रार करायची सोय ट्रिपॲडव्हायझरने मालकांसाठी ठेवलेली आहे, आणि तुमचा तो मेसेज तिथं आयता पुरावा होतो. आधी तक्रार, मग परताव्याची मागणी, मग रिव्ह्यू, आणि तिन्हींचा एकमेकांत उल्लेख नाही, हा क्रम सुरक्षित.

मालकाकडून सौदा आला तर लेखी उत्तर असं द्यावं: ‘परतावा सेवेतल्या त्रुटीसाठी मागितला आहे. रिव्ह्यूचा विषय वेगळा आहे, तो या बोलण्यात आणू नये.’ परताव्यासोबत सही करायला कागद आला तर त्यात ‘यापुढे कंपनीबद्दल काही बोलणार नाही’ असं कलम आहे का, ते बघितल्याशिवाय सही करू नये. फोनवर बोलणं होत असेल तर ‘हे मेसेजवर पाठवा’ एवढंच म्हणावं. धमक्या देणारे लिहायची वेळ आली की पुष्कळदा मवाळ होतात.

कराराच्या बारीक अक्षरांत रिव्ह्यूवर दंड लावायची टूम जुनी आहे. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या एका हॉटेलने ट्रिपॲडव्हायझरवर टीका केली म्हणून एका जोडप्याच्या कार्डावर १०० पाउंड लावले. बोभाटा झाल्यावर ते परत करावे लागले. अमेरिकेत क्लिअरगिअर या ऑनलाइन दुकानाने असंच कलम दाखवून ग्राहकाकडे ३,५०० डॉलर मागितले आणि ते थकबाकी म्हणून पतनोंदणीत घातले. खरेदीच्या वेळी ते कलम अटींमध्ये नव्हतंच, असं ग्राहकांचं म्हणणं होतं. २०१४ मध्ये युटाच्या संघीय न्यायालयाने ग्राहकांना ३,०६,७५० डॉलर मंजूर केले. कंपनी कोर्टात आलीच नाही, म्हणून तो निकाल एकतर्फी होता, हेही ध्यानात असावं. यातून घ्यायची सवय अशी: मोठी खरेदी करताना अटींचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवायचं. राहिलं असेल तर वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर त्या तारखेची प्रत मिळते का पाहायचं.

पुढे अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने ग्राहकाला बदलता न येणाऱ्या ठरावीक नमुन्याच्या करारांतली अशी कलमं रद्दबातल ठरवली. ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार निराधार कायदेशीर धमकी किंवा दहशत दाखवून रिव्ह्यू दाबणंही दंडाला पात्र आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीला बदनामीच्या दाव्यात गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागतं. भारतात मात्र बदनामी दिवाणीबरोबर फौजदारीही आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेने दिलेलं मत यांना अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर येतो. देश बदलला की धोका बदलतो, म्हणून परदेशी कायद्याच्या भरवशावर वकिलाला उलट पत्र लिहू नये.

नोटीस आली तर त्याच दिवशी उत्तर नको आणि घाबरून रिव्ह्यू पुसणंही नको. आधी रिव्ह्यूचा, मालकाच्या उत्तराचा आणि पानाच्या पत्त्यासह तारखेचा स्क्रीनशॉट. मग नोटिशीत नेमकं कुठलं वाक्य खोटं म्हटलंय ते शोधावं. कितीतरी नोटिशींमध्ये ते नसतंच, नुसती ‘प्रतिष्ठेची हानी’ असते. वाक्य दाखवलं असेल आणि खरोखर चुकलं असेल तर तेवढंच दुरुस्त करावं. बाकीचं उत्तर वकिलाकडून. वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांत गल्लत मात्र नको. समन्सची तारीख चुकवली की निकाल एकतर्फी लागू शकतो, आणि या वेळी तो तुमच्याविरुद्ध असतो.

मालकाने उत्तरात तुमचा पत्ता, बुकिंग किंवा आजार उघड केला, तर ते तुमच्याच पथ्यावर पडतं. आता भांडण ‘खरं कोण’ याचं उरत नाही, वैयक्तिक माहितीचं होतं, आणि त्यावर सगळ्या साइट्स कारवाई करतात. दवाखान्यांना हे फार महागात पडतं: येल्पवरच्या उत्तरात रुग्णाची माहिती उघड केल्याबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या एका दंतवैद्यक केंद्राला १०,००० डॉलर भरावे लागले. तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, नंतर उत्तर गायब होतं. घरी येण्याची किंवा मारण्याची धमकी असेल तर साइटचा फॉर्म भरत बसू नये, सरळ पोलिसांत जावं.

जाहीर उत्तराला उत्तर देण्याचा मोह होतो. गूगलवर त्यासाठी स्वतःचा रिव्ह्यूच संपादित करावा लागतो, आणि तसं केल्यावर तारीख बदलते. एकदाच, खाली तारीख घालून, दोन ओळी: ‘मालकांनी म्हटलंय की मी ग्राहक नव्हतो. पावतीचा क्रमांक त्यांना अमुक तारखेला पाठवला आहे.’ तक्रार मिटली तरी हीच पद्धत. मूळ मजकूर ठेवून खाली ‘परतावा मिळाला’ असं लिहावं आणि वाटलं तर स्टार वाढवावेत. मालकाचं जुनं तिखट उत्तर तिथं तसंच राहतं, ते काढायचं की नाही हे त्याच्या हातात.