चार भोकांचं गॅस्केट

१३ ऑगस्ट २०२२, शनिवार. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी. खंबाटकी घाटात काय परिस्थिती असेल हे पुणे-सातारा करणाऱ्यांना सांगायला नको. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची २००३ सालची मारुती ८००. वडिलांची गाडी, म्हणून रीपासिंग करून ठेवलेली. पहिल्या गिअरमध्ये हात-दोन हात सरकत होतो, तेवढ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरून उठला आणि बघता बघता लाल रेघेला टेकला.

शिरवळपर्यंत ऐंशीने आलो तेव्हा हाच काटा जागचा हलला नव्हता. हे मी पुढे त्या मेकॅनिकला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. त्याला कळला असणार.

कसाबसा थांबत थांबत घाट काढला. उतरल्यावर हायवेच्या कडेला गॅरेज दिसलं. गाडीत आई आणि बायको, साताऱ्याला मावशी जेवायला थांबलेली. अशा वेळी माणूस दुसऱ्या गॅरेजचा विचार करत नाही.

त्याने गोणपाट घेऊन तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेचा फवारा उडाला, पाणी भदाभदा उकळायला लागलं. ‘बघा साहेब, बुडबुडे. कॉम्प्रेशन पाण्यात येतंय, हेड गॅस्केट गेलं.’ म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ सील; ते गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो. मग ऑइलचं झाकण काढून आतली बाजू माझ्यापुढे धरली. पांढरट, मलईसारखं काहीतरी चिकटलेलं. ‘आणि पाणी ऑइलमध्ये. अशीच नेली तर इंजिन जाम.’ आई म्हणाली, करून टाक बाबा.

दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. आता कळतंय ते असं. रेडिएटर म्हणजे एक प्रकारचा कुकरच. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून शंभर डिग्रीच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. इतकं तापलेलं झाकण उघडलं, दाब गेला, की चांगल्या गाडीचंही पाणी उकळणारच. (आणि ते कोणी उघडू नये, हात भाजतो.) मलईचं म्हणाल तर आमची गाडी पावसाळ्यात मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाते आणि परत येते. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते आणि तेलात मिसळून अशी पांढरी होते. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधाळ असतं तर गोष्ट वेगळी. डिपस्टिक त्याने बाहेर काढलीच नाही.

आम्ही एसटीने साताऱ्याला गेलो. पंधराला संध्याकाळी गाडी घ्यायला आलो तेव्हा त्याने खिळ्याला टांगलेलं काळं, जळकं गॅस्केट काढून दाखवलं. मी फोटोही काढला. बिल १२,६००, कच्च्या कागदावर: गॅस्केट किट, हेड फेसिंग, कूलंट, ऑइल, मजुरी. रोख दिले तर पाचशे कमी म्हणाला. दिले. रविवारी आणि पंधरा ऑगस्टला कुठल्या लेथवाल्याने फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट, करून दिलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बोगद्यातून पुण्याला येताना काटा इतका खाली होता की मी खूश. पुढचे पंधरा दिवस ॲव्हरेज मात्र सोळावरून तेरावर आलं. मग गणपतीत टिळक रोडला अडकलो आणि काटा परत लाल.

मामांनी एसटीच्या डेपोत तीस वर्षं काढली आहेत. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, ‘उभी तापते का पळताना?’

‘उभी.’

‘मग गॅस्केट कशाला बघायचं आधी? पळताना वारा लागतो रे, उभी असताना फॅनच लागतो.’

गाडी दारात चालू ठेवली. काटा चढला, फॅन ढिम्म. एसी लावला तरी ढिम्म. मामांनी बॅटरीवरून दोन वायरी फॅनच्या मोटारीला टेकवल्या आणि फॅन भिरभिर फिरला. म्हणजे मोटार शाबूत. वायर चाचपत मागे गेले तर कपलर, म्हणजे वायरींचा जोड, वितळलेला, आतली पिन काळी. इलेक्ट्रिशियनने नवा बसवायचे २५० रुपये घेतले.

मग त्यांनी टॉर्च मारला. सायलेन्सरच्या पाइपाचे नट गंजून एकजीव झालेले, हेडवरच्या झाकणाच्या (टॅपेट कव्हरच्या) बोल्टवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर, पान्याचा ओरखडा नाही. ‘हेड उघडलंय कोणी? पाइप न सोडता?’ पाणी काढलं तर साधं, कूलंटचा रंगसुद्धा नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, गायब. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत होतं, म्हणून हायवेला काटा तळाशी आणि पेट्रोल जास्त.

‘पण मामा, जुनं गॅस्केट दाखवलं त्याने.’ मी फोटो काढून दिला. त्यांनी चष्मा वर केला, बोटांनी फोटो मोठा केला.

‘आठशेला सिलिंडर किती?’

‘तीन.’

‘एका सिलिंडरला एक मोठं भोक. मोज.’

मोठी भोकं चार होती.

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आता दुसऱ्याने हात लावला ना, गॅरंटी संपली. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण पक्कं बिल नाही, पैसे रोख दिलेले, हातात फक्त एक फोटो. मी तो नाद सोडला.

मामा म्हणतात, गॅस्केट खरंच जातं तेव्हा पाणी कुठेही न गळता रोज कमी होतं, सकाळी थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, दगडासारखा कडक होतो. आमच्या रेडिएटरची पातळी त्या ऑगस्टपर्यंत कधी बोटभरही उतरली नव्हती.

नवा थर्मोस्टॅट बसवला. आता जाम लागला की मी काच खाली करतो आणि फॅनची घरघर ऐकू येते का बघतो. आई म्हणते, पाऊस आत येतोय.