रेकॉर्ड गोडाऊन की सीएफएस? पनवेल-उरणला कामाला येताय तर आधी वाचा

खेड, चिपळूण, माणगावकडची पोरं बारावी झाली की पनवेल नाहीतर उरणला काम शोधायला येतात आणि फिरून फिरून हेच दोन पर्याय समोर येतात: कागदपत्रं सांभाळणारं रेकॉर्ड गोडाऊन नाहीतर कंटेनरचं सीएफएस. मी सीएफएसला दीड वर्ष आणि रेकॉर्ड गोडाऊनला चार वर्षं काढली, म्हणून लिहितोय.

सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन) म्हणजे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले कंटेनर जिथे उघडतात, भरतात, कस्टमवाले तपासतात ते यार्ड. हातात पैसा इथेच जास्त येतो, ओव्हरटाइममुळे. पण माल आला की दिवस-रात्र कळत नाही, मे महिन्यात पत्र्याच्या कंटेनरमध्ये उभं राहून पोती उतरवताना अक्षरशः जीव जातो, आणि मागून ट्रेलर, कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर फिरत असतात. माझी कंबर तिथेच गेली.

रेकॉर्ड गोडाऊनला लोक रद्दीचं दुकान समजतात, ते खूप चुकीचं आहे. तिथे बँकांच्या लोन फायली, हॉस्पिटलचे केसपेपर, कंपन्यांची व्हाउचर असतात. कंपनी कायद्याने हिशोबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवावीच लागतात, बँकांना केवायसीचे कागद खातं बंद झाल्यावरही 5 वर्षं, त्यामुळे कामाला तोटा नाही. काम दिसायला सोपं: रॅकचा बारकोड स्कॅन करायचा, मग खोक्याचा, आणि खोकं त्याच जागी ठेवायचं. मी एकदा घाईत खालच्या खणाचा बारकोड मारला आणि खोकं ठेवलं वरच्या खणात. आत एका माणसाची होम लोनची फाइल, कर्ज पूर्ण फिटलेलं, घराचे मूळ कागद त्यातच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने डिसेंबर 2023 पासून असे कागद 30 दिवसांत परत द्यावे लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. दोन दिवस शिडीवर चढून एकसारखी खोकी बघत होतो, सापडलं तेव्हा हात थरथरत होते. ज्याला टापटीप जमत नाही त्याने इकडे येऊच नये.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही सांगतो. जुलैत पुठ्ठा ओल धरतो, खोकं उचललं की तळ मऊ लागतो, कसर आणि वाळवी बघत राहावं लागतं. धूळ बारमाही, मास्क स्वतःचा चांगला घ्या. मोबाइल गेटवरच जमा. मार्चमध्ये ऑडिटची घाई असते, एरवी माझ्याकडे डे शिफ्ट आणि रविवार सुट्टी होती, जी सीएफएसला कधीच धड मिळाली नाही.

पगार कमी, हे खरंय. पण स्कॅनर, सिस्टिम, थोडं एक्सेल शिकलात तर दोन-तीन वर्षांत टेबलावरचं काम मिळू शकतं, नाही शिकलात तर तिथेच खोकी उचलत राहाल. घरावर कर्ज असेल, अंगात ताकद असेल तर वर्षभर सीएफएस करा, पैसे साठवा आणि निघा. लांबचा विचार असेल तर रेकॉर्डच बरं, हे माझं ठाम मत.

दोन्हीकडे भरती बहुतेक ठेकेदारामार्फतच होते. पहिल्याच महिन्यात यूएएन, म्हणजे आपला पीएफचा नंबर, मागा आणि पीएफ जमा होतोय का ते स्वतः बघा, पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्डही. माझ्या आधीच्या ठेकेदाराने सात महिने पीएफ कापला आणि भरलाच नाही. आणि गणपतीची सुट्टी जॉइन होतानाच सांगून ठेवा, अर्धं गोडाऊन आपल्याच गावाकडचं असतं, सगळ्यांना तेच पाच दिवस हवे असतात.